गुरुप्रसादच्या बायोडाटातला एक शब्द

कसबा बावड्यात कुणाच्या घरी लग्नाचं पोर असलं, की त्या घरातलं माणूस एकदा तरी विमलाबाईंच्या दारात यायचंच. मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर हे काम आपोआप गळ्यात पडलं, लग्नाचे बायोडाटा लिहून द्यायचं. आता बघा, मुलगा बावड्याचा, मुलगी पेठ वडगावची, दोन्ही घरं जेवणार मराठीत, भांडणार मराठीत, आणि लग्नाचा कागद तेवढा इंग्रजीत. का, ते विचारायची सोय नाही. मराठीत दिला तर समोरच्याला वाटतं, मुलात काहीतरी खोट आहे.

त्या कागदावर सगळ्यात वर मुलाच्या स्वभावाची एक ओळ असते. ती ओळ लिहिण्यात विमलाबाईंचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तिरसट माणसाला त्या ‘स्ट्रेटफॉरवर्ड’ करायच्या, आळशाला ‘ईझी-गोइंग’, आणि आईनं घास भरवल्याशिवाय न जेवणाऱ्या घोड्याला ‘फॅमिली-ओरिएंटेड’. खोटं एक अक्षर लिहीत नाही, नुसती इस्त्री करून देते, असं त्या म्हणायच्या. इतकी लग्नं त्यांच्या इस्त्रीवर पार पडली, आणि पोटच्या पोराची वेळ आली तेव्हा बाईंचं पेन जागच्या जागी अडलं.

गुरुप्रसाद त्यांचा एकुलता एक. चौतिशी ओलांडलेली, कॉलेजात प्राकृत भाषा शिकवायचा, पगार बरा, व्यसन नाही, आवाज चढवून बोलणं नाही. त्याचे लेख परदेशी छापून यायचे. पण घरातलं एक काम सांगा त्याला, आणि मग बसा डोक्याला हात लावून. एकदा गॅलरीची जाळी आणायला त्याला शिरोली एमआयडीसीत पाठवला. वेल्डिंगवाल्याकडं हा जो बसला तो संध्याकाळपर्यंत बसला. त्या माणसाच्या तोंडचे हत्यारांचे शब्द ऐकून याचं भान हरपलं. घरी आला तो शब्दांचे कागद फडकवत आला. जाळी तिथंच. “आई, फार समृद्ध बोली आहे गं त्यांची,” म्हणे. गॅलरीतनं माकडं आत येत होती, त्यांना काय समृद्ध बोली ऐकवायची होती काय?

बरं, बापाकडं बघावं तर तोही त्याच मातीचा. त्र्यंबकराव तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. गॅसवरचं दूध उतू जात असलं तर ते शेजारी उभं राहून बघायचे आणि “विमल, दूध उतू जातंय” असं शांतपणे कळवायचे. गॅस बंद करावा हा पुढचा विचार त्यांच्या तत्त्वज्ञानात बसत नव्हता. ही दोघं वाईट माणसं होती का? अजिबात नव्हती. वाईट असती तर एक घाव दोन तुकडे करता आले असते. ही प्रेमळ होती, सज्जन होती, विद्वान होती, आणि त्यांना सांभाळता सांभाळता विमलाबाईंच्या नाकी नऊ आले होते.

गेल्या पावसाळ्यात त्या मोठ्या आजारातून उठल्या आणि तेव्हापासून त्यांच्या मनानं एकच घोर घेतला. आपण गेलो तर या पोराचं काय? रात्रंदिवस तेच. गुरुचं लग्न झालं पाहिजे, आणि झालं तर अशा मुलीशी झालं पाहिजे, जी त्याला आणि घराला दोन्ही हातांनी धरील. सून त्यांना हवीच होती, पण त्याहून जास्त हवी होती ती आपल्या जागी उभी राहणारी बाई. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

स्थळ आणलं आक्कानं. आक्का म्हणजे खालच्या गल्लीतली म्हसरंवाली. बावड्यात तिची शेती आहे, विमलाबाईंच्या घरी वर्षानुवर्षं तिचंच दूध येतं. तिचा मुलगा सम्राट शिरोलीतल्या ज्या फाउंड्रीत कामाला आहे, तिथंच अवंतिका इंजिनिअर होती. वडगावची मुलगी, वडील शाळामास्तर, जातीचं-बितीचं सगळं जुळत होतं.

“बाई, पोरगी लई गुणाची हाय,” आक्का चरवी खाली ठेवत म्हणाली. “माल खराब निघाला तर भल्याभल्या मुकादमांना उभं करती, आमचा सम्राट सांगतोय की. पर घरी गेली की आईसंगं भाकऱ्या थापती. तुमचा कागुद तेवढा लवकर द्या. मी रविवारच्याला पोरापोरीची गाठ घालून देतो.”

कागद! विमलाबाई त्याच दुपारी लिहायला बसल्या. नाव लिहिलं, शिक्षण लिहिलं, उंची लिहिली. स्वभावाच्या ओळीपाशी येऊन थांबल्या.

‘स्टुडियस’ लिहिलं आणि खोडलं. तो दहावीतल्या पोराला शोभणारा शब्द. चौतिशीच्या बाप्याला स्टुडियस म्हटलं की तो अजून पास झालेला नाही असं वाटतं. मग ‘स्कॉलरली’ लिहिलं. छान वजनदार शब्द, शाल पांघरून बसलेल्या माणसासारखा. पण त्यात जाळीचा पत्ता कुठं होता? तो शब्द गुरुची विद्वत्ता सांगत होता आणि बाकी सगळं पोटात घालत होता. ‘बुकिश’ खरा होता, पण त्याला नाक मुरडल्याचा वास होता. ‘अनवर्ल्डली’ म्हणजे संसाराचं सोयरसुतक नसलेला, आणि तसल्याला संसारासाठी मुलगी कोण देणार? ‘ॲबसेंट-माइंडेड’ लिहिलं तर मुलीची आई पहिला प्रश्न विचारणार, गोळ्या चालू आहेत का म्हणून. ‘गीक’ हा हल्लीच्या पोरांचा शब्द. पण गीक निदान घरातलं वायफाय तरी नीट करतो. आमचं ध्यान वायफाय बंद पडलं की खुशीत येतं, आता शांतपणे वाचता येईल म्हणून.

दुसऱ्यांच्या पोरांना इस्त्री करताना त्यांचा हात कधी थरथरला नव्हता. इथं मात्र प्रत्येक शब्द एक तर पोराला खाली पाडत होता, नाहीतर मुलीला फसवत होता. वैतागून त्यांनी चहाच्या वेळी बापलेकांना विचारलं, आणि तीच त्यांची चूक झाली.

“गुरुला बुकिश म्हणू नये,” त्र्यंबकराव म्हणाले. “बुकिश माणूस पुस्तकात असतो. गुरु कल्पनेत असतो. त्याला ‘अकॅडेमिक’ म्हणावं.”

“पण बाबा, अकॅडेमिक म्हणजे ज्याचा प्रत्यक्षात काही उपयोग नाही असंही होतं,” गुरुप्रसाद म्हणाला. आपल्याबद्दल बोलणं चाललंय याची पुसटशी छाया त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. “आणि ‘पेडँटिक’चा, म्हणजे बारीकसारीक चुका काढत बसणाऱ्याचा, विचार करायला हवा. तो जास्त तुम्हाला लागू पडेल.”

“मला?” त्र्यंबकराव मनापासून खूश झाले. “का बरं?”

झालं. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर कोश पसरले. ताटं ठेवायला जागा उरली नाही, म्हणून बापलेक मांडीवर ताटं घेऊन जेवायचे आणि जेवता जेवता डोनिश म्हणजे प्राध्यापकी आणि बुकिश म्हणजे पुस्तकी यांच्यातलं अंतर मोजायचे. विमलाबाई पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या. आक्का रोज दूध घालताना विचारायची, “झाला का कागुद?” आणि रोज त्या मान हलवायच्या.

“हुशार हाय, पर कामाचं न्हाय. एवढं इंग्रजीत लिवायला येत न्हाय व्हय तुमास्नी?” आक्का एक दिवस म्हणाली.

“तेच येत नाही गं,” विमलाबाई म्हणाल्या. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

शनिवार उजाडला तरी ओळ कोरीच. टेबलावर आणखी एक जाडा कोश आलेला बघून बाईंचा पारा चढला. “तुझं तूच लिही आणि तुझं तूच दे तिला,” त्या गुरुला म्हणाल्या. “मी आता या शब्दांच्या नादाला लागणार नाही. पण काहीतरी दे म्हणजे झालं.”

रविवारी गुरु अवंतिकाला भेटून आला. आणि काय सांगू, आला तो शीळ घालत आला. त्यानं सकाळी आपल्या हातानं शर्ट निवडला होता, तोही धुतलेल्यातला. रात्री जेवताना त्यानं विचारलं, “आई, वडगावला बस किती किती वेळानं असते?” आयुष्यात या पोरानं कधी बसची चौकशी केली नव्हती. विमलाबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

“कागद दिलास ना?” त्यांनी विचारलं.

“दिला की. आणि आनंदानं वाचला तिनं.”

त्याची एक प्रत टेबलावर पडली होती. विमलाबाईंनी ती उचलली आणि वाचायला घेतली. पोरानं बायोडाटा म्हणून शब्दांचा तक्ता केला होता. डावीकडं एकेक इंग्रजी शब्द, उजवीकडं त्याची छटा, तो शब्द आपल्याला कितपत लागू पडतो याची चर्चा, आणि खाली बारीक अक्षरात तळटीपा. स्टुडियस, कालबाह्य. स्कॉलरली, अपूर्ण. बुकिश, अतिशय सौम्य. जन्मतारीख नाही, उंची नाही, पगार नाही, फोन नंबर नाही. दोन पानं भरली होती आणि कागदावर आपलं नाव घालायचं हा गडी विसरला होता.

“अरे, हे काय दिलंस तू तिला?”

“तूच म्हणालीस ना, माझं मी लिही म्हणून?”

विमलाबाईंना वाटलं, संपलं सगळं. आता अवंतिका तो कागद कारखान्यात चारचौघांना दाखवून हसणार, आक्काला तोंड दाखवायची सोय उरणार नाही. रात्रभर त्या स्वतःलाच शिव्या घालत होत्या. सरळ ‘स्कॉलरली’ लिहून मोकळं व्हायला काय झालं होतं?

दोन दिवसांनी आक्काकडनं नंबर घेऊन अवंतिकाचा फोन आला. “काकू, मला तुम्हाला भेटायचंय. एकट्याच या.” शिरोलीत हायवेच्या कडेला एक चहाचं हॉटेल आहे, तिची शिफ्ट सुटल्यावर तिथं भेटायचं ठरलं. विमलाबाई घरात देवळात जाते सांगून निघाल्या. कुठलं देऊळ, हे विचारायचं बापलेकांच्या डोक्यात आलं नाही.

अवंतिका कंपनीचा शर्ट आणि जाड बूट घालूनच आली होती. कपाळावर काजळीचा एक पट्टा तसाच होता. तिनं चहा मागवला आणि पिशवीतनं तो कागद काढला, व्यवस्थित घडी घातलेला.

“काकू, मला बघायला येतो तो प्रत्येक जण स्वतःची टिमकी वाजवतो,” ती म्हणाली. “हा पहिलाच असा भेटला, ज्यानं आपल्याच उणिवांना तळटीपा दिल्या. मी इतकी हसले. मग परत वाचला. मला आवडला तुमचा मुलगा.”

विमलाबाईंच्या छातीवरचा धोंडाच खाली आला. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला.

“उद्या घरी हो सांगणार आहे,” अवंतिका पुढं म्हणाली. “फक्त एक विचारायचंय. शेवटी त्यानं लिहिलंय की यातला नेमका शब्द कुठला ते ठरवता आलं नाही, आईला विचारावं. म्हणून आले. तुम्ही इंग्रजीच्या बाई, आणि त्याच्या आई. तुम्ही सांगा, कुठला?”

‘स्कॉलरली’. शब्द जिभेवर तयार होता. एक शब्द टाकला की सगळं मार्गी लागत होतं. गुरुचं लग्न, घराला माणूस, आणि आपण डोळे मिटायला मोकळ्या. विमलाबाईंनी तोंड उघडलंसुद्धा.

“कुठलाही असला तरी चालेल मला,” अवंतिका हसत म्हणाली. “त्यानं त्याचं वाचन करावं, घरचं-बाहेरचं मी बघीन. मला कामाची सवय आहे, काकू.”

विमलाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अगदी हेच वाक्य. त्यांचं स्वतःचं लग्न ठरताना त्यांचे मामा म्हणाले होते, “मुलगा स्कॉलर आहे, व्यवहारात जरा कमी पडेल,” आणि कॉलेजात इंग्रजीत पहिल्या आलेल्या विमलनं छाती पुढं काढून उत्तर दिलं होतं, मी बघीन की, मला कामाची सवय आहे. कुणीही तिला थांबवलं नव्हतं. ‘स्कॉलर’ शब्दावर सगळं घर खूश होतं, आणि सगळ्यात खूश तीच होती.

“यातला एकही शब्द नको घेऊस,” विमलाबाई म्हणाल्या. “मी तुला मराठीत सांगते.”

आणि त्यांनी गॅलरीच्या जाळीपासून सांगायला सुरुवात केली. आधी हळू, मग भडाभडा. “तो वाईट नाही. तुला कधी टाकून बोलणार नाही, हात उगारणार नाही, तुझा पैसा मागणार नाही. पण मला गेल्या वर्षी डेंगू झाला. मी तापानं फणफणले होते. बापलेकांनी डेंगूवर काय काय वाचून काढलं, तो डास कुठनं आला, कुठल्या देशात पहिल्यांदा सापडला, सगळं मला उशाशी बसून ऐकवलं. मला दवाखान्यात न्यावं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. आक्का दूध घालायला आली, तिनं मला उचलून नेलं. तू समजतेस की हे गमतीचं आहे. तळटीपा वाचून हसू येतं, मलाही यायचं. पण तुला मूल होईल, तू आजारी पडशील, कारखान्यातनं थकून येशील, आणि घरात तुझ्याशिवाय दुसरं मोठं माणूसच नसेल. राग आला तर भांडायचीही सोय नाही, कारण तो तुझं म्हणणं नीट ऐकून घेईल आणि पटलं म्हणेल, आणि दुसऱ्या दिवशी तसंच वागेल. चाळीस वर्षं झाली, अवंतिका. मी दमले आहे. मला सून नको होती गं. मला बदली माणूस हवं होतं. तुला त्यासाठी धरून आणायला निघाले होते मी.”

शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. अवंतिकानं कागदाची घडी उलगडली, परत घातली.

“तुम्हाला कुणी असं आधी सांगितलं असतं तर?” तिनं विचारलं.

विमलाबाईंनी हा प्रश्न कधी मनात येऊ दिला नव्हता.

“नसतं केलं,” त्या म्हणाल्या.

अवंतिकानं कागद पिशवीत ठेवला. मग उठली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “आक्कांना मी कळवते, काकू. तुमच्यावर येऊ देणार नाही.” चहाचे पैसे तिनंच दिले आणि गर्दीतनं रस्ता काढत ती वडगावच्या बसकडं गेली. अशी मुलगी. विमलाबाई तिच्याकडं बघत राहिल्या, आणि आपण हे काय करून बसलो, हा विचार मनात घेऊन त्यांनी परतीची बस धरली.

घरी दार त्र्यंबकरावांनी उघडलं. बायको देवळातनं आली की कुठनं, हा प्रश्न नव्हताच. “विमल, मी ठरवलं. ‘अनवर्ल्डली’च बरोबर. तुझं काय मत?”

“अहो, आत जाऊन बसा,” त्या म्हणाल्या. असा आवाज त्यांनी घरात कधी काढला नव्हता. त्र्यंबकराव आत जाऊन बसले.

गुरु टेबलापाशी होता. विमलाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. लपवायचं नाही हे त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं. “मी अवंतिकाला भेटले. ती हो म्हणणार होती. मी तिला डेंगूचं सांगितलं, जाळीचं सांगितलं, माझ्या संसाराचं सांगितलं. आता ती नाही म्हणणार आहे. माझ्यामुळं.”

गुरुनं चष्मा काढला. नीट, मन लावून, वर्गातल्या विद्यार्थ्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं होतं त्यानं. विमलाबाई वाट बघत होत्या. आता हा ओरडेल. माझं लग्न मोडायचा तुला काय अधिकार म्हणेल. ताट फेकील, दार आपटील. निदान एवढं म्हणेल की मी सुधारीन, मी जातो वडगावला, मी तिला सांगतो. एवढं म्हणाला असता तर त्याच पावली त्या त्याला घेऊन बसस्टँडवर गेल्या असत्या, तिच्या आईबापाच्या पाया पडल्या असत्या.

“डेंगूचं तसंच झालं होतं,” गुरु विचार करून म्हणाला. “जाळीचंही. यात चुकीचं असं काही नाही, आई. मग तिचं बरोबरच आहे.”

तो उठला. आपल्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि तिथं जरासा घुटमळला.

“मला आवडली होती ती,” तो म्हणाला आणि आत गेला.

“अरे, मग भांड की माझ्याशी,” विमलाबाई त्या बंद दाराकडं बघून म्हणाल्या. “गुरु, भांड की रे.”

दार उघडलं नाही. विमलाबाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी त्या मुलीला सांगितलेला शब्द न् शब्द खरा निघाला होता, आणि त्या खरेपणाचा त्यांना जन्मात कधी आला नव्हता इतका राग आला.